उरलेल्या गोळ्यांचे खोके पाठवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कुठे मोठा भूकंप झाला किंवा युद्धाची बातमी पहिल्या पानावर आली की दोन दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरू लागतो : घरात पडून असलेली औषधे, जुने कपडे, लहान मुलांची दूध पावडर वॉचमनच्या केबिनपाशी ठेवलेल्या खोक्यात आणून टाका. हेतूबद्दल शंका नाही. पण औषधांचा साठा, त्यांचा पुरवठा आणि आपत्तीतली वैद्यकीय मदत याच कामात असलेल्या आम्हा काही जणांना त्या खोक्याबद्दल स्पष्ट लिहावेसे वाटते. ते सहसा कुणाच्या कामी येत नाही. उलट जिथे पोहोचते तिथले काम अडवते.

खोक्यात येते काय? आपला केमिस्ट दहाची पट्टी कापून चार गोळ्या देतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी पट्टीच्या एकाच टोकाला असते. ते टोक ज्याच्या वाट्याला गेले त्याच्याकडे तारीख, बाकीच्यांकडे नुसती चंदेरी फॉइल. तिच्यावर अर्धवट नाव उरते, आणि तेही ब्रँडचे. मुंबईतल्या फार्मासिस्टला ते अंदाजाने ओळखू येईल. सुदान किंवा येमेनमधल्या नर्सने काय ओळखायचे? शिवाय सिरपची अर्धी बाटली असते, उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायचे डोळ्यांचे थेंब असतात, घरातले वडीलधारे गेल्यावर उरलेल्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या असतात, आणि दोन मे महिने कपाटात काढलेले इन्सुलिनसुद्धा. गोळी दिसायला तशीच राहते. आत औषध किती उरले ते प्रयोगशाळेशिवाय सांगता येत नाही. म्हणून एकदा पेशंटच्या हातात गेलेले औषध पुन्हा साठ्यात घ्यायचे नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

खरा घोळ कस्टम्समध्ये होतो. त्या खोक्यात चिंतेवर देतात त्या अल्प्राझोलामची एखादी पट्टी किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध निघाले तर कागदपत्रांचे सगळे गणितच बदलते. नशेसाठी गैरवापर होऊ शकतो अशा नियंत्रित औषधांना सहसा पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि घेणाऱ्या देशाचा आयात परवाना लागतो. तो नसेल तर एका पट्टीपायी सगळी कन्साइनमेंट अडकून पडते. मोठ्या संस्थांनाही हे चुकत नाही : ऑपरेशनचे बाकी सगळे सामान पोहोचते आणि मॉर्फिन विमानतळावरच राहते. म्हणून ते लोक मॉर्फिन, डायझेपामसारखी औषधे वेगळ्या खोक्यात, वेगळ्या कागदांसह बांधतात. अडकलेच तर तेवढे एक खोके अडकावे, बाकीचा माल सुटावा.

डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय सामान आले. काय आले आहे याचा नीट अंदाज यायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के माल येतानाच मुदत संपलेला होता, चार टक्के थंडीने गोठून वाया गेला. उरलेल्यात सहज ओळखता येईल असा माल जेमतेम ३० टक्के. बोस्नियात तर १९९२ ते १९९६ या काळात आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी ठरली. औषध नष्ट करणे हे कागद जाळण्याइतके सोपे नाही. त्याला दोन कप्प्यांची, उच्च तापमानाची भट्टी लागते. ती नसेल तर लोखंडी ड्रम पाऊण भरेपर्यंत गोळ्या टाकायच्या, वरून चुना, सिमेंट आणि पाणी वजनाने १५:१५:५ या प्रमाणात कालवून ओतायचे, झाकण वेल्ड करायचे आणि ड्रम पुरायचे. ज्या गावात प्यायच्या पाण्याच्या टाकीसाठी सिमेंट मिळत नाही तिथे हे करायचे!

या अनुभवातूनच १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले. मागितलेलेच द्या. घेणाऱ्या देशाच्या अत्यावश्यक यादीतले द्या. पोहोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत उरलेली असू द्या. लेबलवर ब्रँडचे नव्हे, औषधाचे मूळ नाव तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत असू द्या. आपल्या सोसायटीचे खोके यातल्या एकाही नियमात बसत नाही.

मग जाते काय? आंतरराष्ट्रीय संस्थांची गोदामे आधीपासून भरलेली असतात : डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स म्हणजे एमएसएफची बोर्दो आणि ब्रसेल्सकडे, युनिसेफचे कोपनहेगनला, जागतिक आरोग्य संघटनेचे दुबईत. तिथे सामान सुटे ठेवत नाहीत, 'किट'मध्ये बांधून ठेवतात. सर्वांत परिचित किट दहा हजार लोकांना तीन महिने पुरेल अशा हिशेबाने बांधलेले असते. त्याचे एक हजार लोकांचे छोटे संच करून दहा आरोग्यसेवकांना वाटता येतात, आणि डॉक्टर असेल तिथे पूरक संच जातो. छोट्या संचात इंजेक्शन नसते, कारण ते देणारा माणूस तिथे असेलच असे नाही. काय नसावे हे असे आधीच बसून ठरवलेले असते. घरोघरी गोळा केलेल्या खोक्यात नेमके हेच कुणी ठरवलेले नसते.

पण औषधांआधी पाणी. दहा हजार माणसांची छावणी धरा. माणशी रोज १५ लिटर म्हणजे दीड लाख लिटर. मुंबईच्या भाषेत दहा हजार लिटरचे पंधरा टँकर, रोज, न चुकता. अडीचशे माणसांमागे एक नळ धरला तर चाळीस नळ. संडास सुरुवातीला पन्नास माणसांमागे एक, घडी बसल्यावर वीस माणसांमागे एक. म्हणजे आधी दोनशे आणि नंतर पाचशे खड्डे खणायचे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, मग क्लोरीन. क्लोरीन टाकल्यावर अर्धा तास थांबायचे आणि नळाशी दर लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का ते तपासायचे. बहुतेक ठिकाणी चूक नळाशी नसते, घरात असते. नळाचे पाणी चांगले, पण ते उघड्या बादलीत भरले, त्यात पेला धरलेला हात बुडाला, संध्याकाळपर्यंत क्लोरीन उडून गेले. म्हणून अनुभवी संस्था पाण्याबरोबर अरुंद तोंडाचे, झाकणाचे कॅनही वाटतात, आणि क्लोरीन तपासायला माणूस झोपडीत जाऊन कॅनमधले पाणी घेतो, टाकीतले नाही. ब्लिचिंग पावडरचेही तसेच. उन्हात किंवा दमट हवेत पोते उघडे राहिले की तिचा जोर जातो, आणि औषधांच्या खोलीत ठेवली तर तिच्या वाफेने कात्र्या-चिमटे गंजतात.

कॉलऱ्याचा वॉर्ड कसा चालतो ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. खाटेला मध्यभागी भोक, वर प्लॅस्टिकची चादर, भोकाखाली बादली, उलटीसाठी उशाशी दुसरी. बादलीवर लिटरच्या खुणा केलेल्या असतात, कारण जितके गेले तितके परत भरायचे असते. पन्नास किलोचा माणूस डोळे खोल गेलेले, नाडी लागत नाही अशा अवस्थेत आला तर त्याला तीन तासांत पाच लिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे क्षारांचे सलाइन) द्यावे लागते : पहिले दीड लिटर अर्ध्या तासात, उरलेले साडेतीन पुढच्या अडीच तासांत. बारीक सुईतून ते जात नाही. जाड सुई, बहुधा दोन्ही हातांना, आणि बाटली जमेल तितकी उंच. वर्षाच्या आतल्या बाळाला हाच हिशेब सहा तासांवर पसरतात. आपल्याकडे सर्रास 'ग्लुकोज चढवा' म्हणतात. कॉलऱ्यात नुसत्या ग्लुकोजचा उपयोग नाही, त्यात गेलेले क्षार नसतात. आणि रात्री तीनला, नर्स एक आणि पेशंट चाळीस असताना, बाटली संपून नळी कोरडी पडते. माणसे दगावतात ती बऱ्याचदा तेव्हा. म्हणून प्रत्येक खाटेशी नातेवाइकाला बसवून बाटली आणि बादली मोजायला शिकवतात.

फरशी पुसायला ०.२ टक्क्यांचे क्लोरीन, हात धुवायला ०.०५ टक्क्यांचे, बादलीतल्या विष्ठेसाठी आणि मृतदेहासाठी २ टक्क्यांचे. सत्तर टक्के जोराची पावडर असेल तर दहा लिटरला अनुक्रमे ३० ग्रॅम, ७ ग्रॅम आणि ३०० ग्रॅम. तीन पिंपे, तीन रंग, मोठ्या अक्षरात नावे. हा खटाटोप वाटतो खरा, पण रंग चुकला की कुणाचे तरी हात भाजतात किंवा जंतू तसेच राहतात. अशा वॉर्डाला एका पेशंटमागे रोज साठ लिटर पाणी लागते. शंभर खाटांना सहा हजार.

आता वजनाचा हिशेब करा. एक लिटर सलाइन म्हणजे एक किलोचे ओझे. एक लिटर ओआरएस बनवणारी पुडी साडेवीस ग्रॅमची : मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. बहुतेक पेशंट तेवढ्यावर बरे होतात, सलाइन फक्त अत्यवस्थांना. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजायला लावले आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आले. जगातल्या प्रत्येक आपत्तीच्या किटमध्ये आज जी पुडी असते तिची परीक्षा आपल्याच देशात, अशा छावणीत झाली.

छावणीत गोवराची लस पहिल्या आठवड्यातच द्यायची असते. सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत सगळ्यांना, सोबत पाच वर्षांखालच्यांना जीवनसत्त्व अ. पल्स पोलिओची निळी पेटी मुंबईकरांच्या ओळखीची आहे. तिच्या आतला बर्फाचा पॅक फ्रीजरमधून काढून थेट ठेवत नाहीत. बाहेर ठेवून, कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबतात. नाहीतर धनुर्वाताची किंवा पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस गोठते आणि गोठलेली लस मेलेली लस. उष्णतेचा हिशेब बाटलीवरच्या खुणेवरून कळतो : आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की बाटली टाकायची. गोवराची लस एकदा विरघळवली की सहा तासांच्या पुढे वापरायची नाही, मग मुलांची रांग कितीही उरलेली असो. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये एका मोहिमेत १५ मुले दगावली : लस विरघळवायला एकच सिरिंज चारही दिवस वापरली होती आणि बाटल्या थंड ठेवल्या नव्हत्या.

दूध पावडरबद्दल थोडक्यात. जिथे उकळायला जळण नाही, बाटली धुवायला पाणी नाही, तिथे पावडरचे दूध म्हणजे जुलाबाला आमंत्रण. अंगावर पाजणाऱ्या बाईला ती फुकट मिळाली की तिचे स्वतःचे दूध आटते. पोषणासाठी वेगळी व्यवस्था असते. मुलाच्या दंडाला मापपट्टी लावतात, घेर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. भूक असलेल्या, ताप-सूज नसलेल्या मुलाला शेंगदाण्याच्या, दूध पावडर, साखर, तेल घातलेल्या लगद्याची ९२ ग्रॅमची, ५०० कॅलरींची पाकिटे देऊन घरी पाठवतात. त्यात पाणी मिसळायचे नसते, म्हणून घाणेरड्या पाण्याचा प्रश्नच नाही. फार आजारी मुलाला मात्र आधी पातळ, कमी ताकदीचे दूध थोडे थोडे पाजतात. उपाशी शरीराला एकदम भरपेट दिले तर क्षारांचा तोल जाऊन हृदय बंद पडू शकते. दयेपोटी ताट भरून वाढणारा पाहुणा इथे घातकी ठरतो.

डॉक्टरांचेही असेच. 'मी सर्जन आहे, उद्या निघतो' म्हणणाऱ्यांची मुंबईत कमी नाही, आणि ही वृत्ती मोलाची आहे. पण १९३८ साली आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले म्हणून. पाच डॉक्टरांचे पथक, सोबत रुग्णवाहिका आणि औषधे, आणि परतीची घाई नाही. सोलापूरचा, जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेला हा माणूस १९४२ मध्ये तिथेच गेला. आजची पद्धत याच धर्तीवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पथकांचे प्रकार ठरवले आहेत : दुसऱ्या प्रकारच्या पथकाला किमान वीस खाटा, एक ऑपरेशन टेबल, दिवसाला सात मोठ्या शस्त्रक्रिया जमल्या पाहिजेत, आणि स्वतःचे पाणी, वीज, जेवण, कचऱ्याची सोय स्वतः आणली पाहिजे. उपाशी पथक येऊन पडले की ते जखमींच्या पाण्यात वाटेकरी होते.

कौशल्यही वेगळे लागते. सीटी स्कॅनशिवाय निर्णय, एकाच दिवसात सिझेरियन, मांडीचे हाड आणि भाजलेले मूल. युद्धातली किंवा ढिगाऱ्याखालची घाणेरडी जखम पहिल्या दिवशी शिवायची नसते. मेलेले मांस कापून, धुऊन उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी बंद करायची. शहरात स्वच्छ जखमा शिवायची सवय झालेला हात तिथे पहिल्याच दिवशी टाके घालतो. मग पू आणि गँगरीन, आणि पाय कापायची वेळ येते तेव्हा पाहुणा सर्जन परतीच्या विमानात असतो. म्हणूनच एमएसएफसारख्या संस्थेत दहापैकी आठहून अधिक माणसे त्या त्या देशातलीच असतात.

रसद अडली की सर्जनही बसून राहतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीत एमएसएफने हवा भरून उभे करायचे रुग्णालय पाठवले. राजधानीच्या एकुलत्या धावपट्टीवर विमानाला उतरू दिले नाही, म्हणून ते शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये उतरवून सामान ट्रकने न्यावे लागले. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाचे, चिरडलेल्या स्नायूंमुळे निकामी होऊ लागलेले मूत्रपिंड मात्र वाट पाहत नाही.

आणि सगळे जमूनही रुग्णालय सुरक्षित राहील याची हमी नसते. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझ येथील एमएसएफच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. ४२ माणसे गेली, त्यात २४ रुग्ण, १४ कर्मचारी. जागेचे अक्षांश-रेखांश आधीच सर्व बाजूंना कळवलेले होते. फाटकावर 'शस्त्र आत आणू नका' ही पाटी, छतावर बोधचिन्ह, प्रत्येक गटाशी रोजची बोलणी ही तिथे शोभेची कामे नसून औषधाइतकीच गरजेची असतात. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने रुग्णालयांच्या संरक्षणाचा ठराव क्रमांक २२८६ केला. हल्ले थांबले नाहीत.

मग मुंबईने काय द्यायचे? हे शहर आधीपासून देतेच आहे, फक्त खोक्यात नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये इथल्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीची तीन औषधे एकत्र, वर्षाला माणशी ३५० डॉलर दराने एमएसएफला देऊ केली. तेव्हा तोच उपचार दहा-पंधरा हजार डॉलरचा होता. गोवंडीत एमएसएफने औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा दवाखाना वर्षानुवर्षे चालवला. त्याच टीबीवरच्या बेडाक्विलिनचे पेटंट लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने फेटाळला. हरकत घेतली होती या रोगातून उठलेल्या दोन स्त्रियांनी. एखाद्या कारखान्याचा दर्जा, एखाद्या अर्जावरची हरकत यातून जितके पेशंट वाचतात तितके हजार सोसायट्यांच्या खोक्यांतून वाचणार नाहीत.

आणि पैसे द्यायचे तर अट न घालता द्या. २००४ च्या त्सुनामीनंतर एमएसएफने आठ-दहा दिवसांतच जाहीर केले की त्सुनामीसाठी लागतील तेवढे पैसे जमले, आता त्या नावाने नको; आणि आलेले पैसे इतरत्र वापरू का, असे देणगीदारांना विचारले. बहुतेकांनी हो म्हटले. फार थोड्या संस्था असे धाडस करतात. कॅमेरे असतील तिथे पैसा साचतो, आणि जिथे बातमीच पोहोचत नाही तिथल्या कॉलऱ्याला रिंगर लॅक्टेट मिळत नाही.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्रातून 'मदत गोळा करणे सुरू' अशी निवेदने येतात. ती छापण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने आयोजकांना चार प्रश्न विचारावेत ही विनंती : ही यादी कुणी मागितली आहे? माल कुणाच्या नावाने, कोणत्या विमानतळावर किंवा बंदरात उतरणार आहे? पॅकिंग लिस्टवर औषधाचे मूळ नाव, बॅच आणि मुदत आहे का? उतरवून घेणारा आणि साठवणारा फार्मासिस्ट कोण? उत्तरे मिळाली नाहीत तर निवेदनातून औषधे आणि दूध पावडर हे शब्द काढून टाकावेत. कपड्यांचेही बहुधा तसेच, पण तो विषय आमचा नाही.

आपले,
औषधसाठा, पुरवठा व आपत्ती वैद्यकीय सेवेतील काही फार्मासिस्ट, परिचारिका व डॉक्टर
परळ, मुंबई
(नावे संपादकांकडे दिली आहेत.)